नऊ, बरं का

थोरली आणि धाकटी सख्ख्या जावा होत्या, आणि तरीही त्यांचं एकमेकींशी उत्तम जमत होतं. हे कुणाला सांगितलं की समोरचा आधी हसायचा, मग दोघींकडे आळीपाळीने बघायचा, आणि शेवटी मान हलवून आपला कोट शिवायला टाकून जायचा. घर वरच्या मजल्यावर, खाली शिलाईचं दुकान, मध्ये एक अरुंद, उभा जिना. थोरलीचा नवरा पाणीपुरवठ्याच्या कचेरीत कारकून होता. धाकटीचा नवरा लांबच्या पल्ल्याचा ट्रक चालवायचा, त्यामुळे त्याच्या असण्यापेक्षा नसण्याचीच घराला जास्त सवय होती. दुकान मात्र दोघींचं. माप घेणं, कापड बेतणं आणि मोठं मशीन थोरलीकडे. काज-बटण, इस्त्री, फोन आणि गिऱ्हाइकांशी गोड बोलणं धाकटीकडे, कारण गोड बोलणं थोरलीच्या प्रकृतीला मानवत नसे.

माप घेताना थोरली आकडे मोठ्याने सांगायची आणि धाकटी टेबलापाशी उभी राहून लिहून घ्यायची. त्यात एक गोम होती. अंगाने भरलेली बाई आली की तिच्या कंबरेचा आकडा दुकानभर ऐकू जाणं काही बरं नव्हे. मागे अशीच एक बाई आपला आकडा ऐकून कापड उचलून तरातरा निघून गेली होती, आणि नंतर मुद्दाम याच दुकानावरून दुसऱ्या शिंप्याकडे जात राहिली. तेव्हापासून थोरलीने युक्ती काढली. अशा वेळी ती आकडा दोनाने कमी सांगायची आणि शेवटी जोडायची, ‘बरं का’. ‘अडतीस, बरं का’ असं आलं की धाकटीने चाळीस लिहायचे. गिऱ्हाईक खूश, झगा अंगाला बरोबर, आणि खोटं कुणीच बोललेलं नाही, असा थोरलीचा दावा. धाकटीला याची इतकी सवय झाली होती की आपण दोन मिळवले हे तिच्या ध्यानातही येत नसे. भाऊजी, म्हणजे थोरलीचा नवरा, ‘चहात एकच चमचा साखर, बरं का’ म्हणाले की ती मुकाट्याने तीन घालायची.

थोरलीचं दुखणं जुनं होतं, पण कळलं उशिरा. तरुणपणी एका ऑपरेशनच्या वेळी तिला रक्त चढवलं होतं. त्या रक्ताबरोबर हिपॅटायटिस सी या आजाराचा विषाणू आला आणि तिच्या यकृतात बिऱ्हाड थाटून बसला. वर्षानुवर्षं त्याने हूं की चूं केलं नाही. मग एका साध्या तपासणीत तो सापडला, आणि त्या दिवसापासून थोरली बदलली. तिने आपली कात्री, आपल्या सुया, आपल्या टाचण्या वेगळ्या काढल्या. शिवणाऱ्या बाईच्या बोटाला सुई टोचणं ही काही बातमी नव्हे. पण आता टोचली की थोरली आधी म्हणायची, ‘लांब हो.’ मग स्वतःच रक्त पुसायची, पट्टी लावायची, टेबल धुवून काढायची. एका घरात राहून, एका ताटात जेवून हा आजार होत नाही, रक्तात रक्त गेलं तरच होतो, असं दवाखान्यात नीट सांगितलं होतं. थोरलीने त्यातला ‘रक्त’ एवढाच शब्द उचलला. धाकटीला याचा राग यायचा आणि वाईटही वाटायचं. इतकी वर्षं एका टेबलावर काम केल्यावर रोज कुणी आपल्याला लांब हो म्हणावं, हे सुखाचं नव्हतं.

औषधासाठी बरीच वाट पाहावी लागली. अखेर ते सुरू झालं. आठवड्याला एक इंजेक्शन, शिवाय सकाळ-संध्याकाळ गोळ्या. पहिल्याच भेटीत डॉक्टरीणबाईंनी दोघी जावांना समोर बसवून सगळं समजावलं. गोळ्या विषाणूचा बंदोबस्त करतात, पण त्यांना एक वाईट खोड आहे. त्या रक्तातल्या तांबड्या पेशींमध्ये साठत जातात, आणि त्या पेशी वेळेआधीच फुटतात. मग हिमोग्लोबिन खाली येतं, दम लागतो, छाती धडधडते. म्हणून दर पंधरवड्याला रक्त तपासायचं आणि आकडा दवाखान्याला कळवायचा. दहाच्या खाली आला तर गोळ्या कमी करू, साडेआठच्याही खाली गेला तर बंद करू. थोरलीने एकच प्रश्न विचारला, बंद केल्या तर विषाणू परत येईल का? येऊ शकतो, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि पुढे बरंच काही धीराचं बोलल्या. ते सगळं धाकटीने ऐकलं. थोरली ‘बंद’ या शब्दापाशीच बसून राहिली होती.

सुरुवात झकास झाली. काही महिन्यांनी विषाणूची तपासणी केली तर तो रक्तात सापडेना. त्या दिवशी भाऊजी अर्धी रजा टाकून घरी आले, आणि आनंदाचं नेमकं काय करायचं ते न सुचल्याने दुकानाचा पंखा पुसत बसले. डॉक्टरीणबाईंनी मात्र बजावलं, सापडला नाही म्हणजे गेला असं नव्हे, औषध शेवटपर्यंत घ्यायचं. थोरली म्हणाली, मी घेईन, तुम्ही फक्त देत राहा.

आणि मग मोठ्या मशीनचा आवाज बिघडला. मशीनमध्ये काही दोष नव्हता. थोरली शिवण कधी मध्येच सोडत नसे. दुकानात आग लागली तरी आधी टाका पुरा करीन आणि मग पळेन, असं ती म्हणायची, आणि तिचा स्वभाव पाहता ते खरंच वाटायचं. धाकटी इस्त्रीपाशी पाठमोरी उभी राहून नुसत्या आवाजावरून सांगू शकायची की आता बाही चाललीय की घेर. आता तो आवाज घेराच्या मध्यावरच थांबू लागला. थांबायचा, थोड्या वेळाने पुन्हा सुरू व्हायचा, पुन्हा थांबायचा. विचारलं की थोरली म्हणायची दोरा तुटला. इतके दोरे तुटत असतील तर दोरेवाल्याला जाब विचारायला हवा, असं धाकटी म्हणाली. थोरली हसली, पण तेवढ्यानेही तिला धाप लागली.

जिन्याचं तेच. अर्ध्यावर थांबून ती भिंतीचा रंग कुठे उडालाय ते बघायची. उभ्या आयुष्यात तिने भिंतीकडे एवढं लक्ष दिलं नव्हतं. तिचे तळहात खडूसारखे दिसू लागले, ओठांचा रंग गेला. कानात सारखं मशीन चालल्यासारखं वाटतं, असं ती एकदा बोलून गेली आणि लगेच विषय बदलला. भाऊजी घाबरले. रक्त कमी झालं म्हणजे रक्त वाढवायचं, एवढं साधं गणित मांडून त्यांनी बीट आणि पालकाचा सपाटा लावला, लोहाच्या टॉनिकची बाटलीही आणली. बीट किसून किसून घरातल्या सगळ्यांचे हात लाल झाले, थोरली तेवढी पांढरीच राहिली.

दवाखान्यात आधीच जाऊन येऊ, असं धाकटीने दोनदा सुचवलं. थोरलीचं उत्तर ठरलेलं होतं. दर पंधरवड्याला दवाखान्यातल्या सिस्टरांचा फोन येतो ना, मग काही असतं तर त्यांनीच नसतं का सांगितलं?

तो फोन आला तेव्हा दुकानात चांगलीच गर्दी होती. थोरली पडद्याआड एका बाईच्या झग्याला टाचण्या लावत होती. रिपोर्ट तिने सकाळीच येताना आणला होता आणि कुठेतरी ठेवून दिला होता. सिस्टरांनी विचारलं, हिमोग्लोबिन किती आलं? धाकटीने फोन खांद्यात धरूनच हाक मारली, “ताई, आकडा किती?”

पडद्याआडून माप सांगायच्या नेहमीच्या सुरात आवाज आला, “नऊ, बरं का.”

“अकरा,” धाकटीने फोनमध्ये सांगितलं.

छान, मग गोळ्या आहेत तशाच चालू ठेवा, असं म्हणून सिस्टरांनी फोन ठेवला. धाकटीने इस्त्री उचलली. आपण काही वावगं केलं असं तिच्या मनाला शिवलंही नाही. उलट अकरा म्हणजे काही फार वाईट नाही, उगाच आपण घाबरत होतो, असं म्हणून तिने दुपारचा चहा जरा निवांतपणे घेतला.

पण थोरली खालावतच गेली. खालून वर जेवायला येणं तिने सोडून दिलं, काम फार आहे म्हणून डबा खालीच मागवायची. मशीनपाशी मान टाकून बसलेली दिसायची, आणि कुणाची चाहूल लागली की पायडलवर पाय ठेवायची.

उलगडा झाला तो तपासणीवाल्यामुळे. रस्त्याच्या टोकाला त्याची रक्त तपासायची जागा होती. माणूस सज्जन, पण कुठलाही शर्ट विकत घेतला तरी त्याला बाह्या लांबच व्हायच्या, त्यामुळे दुकानात त्याची वरचेवर ये-जा असे. त्या दिवशी थोरली मागच्या खोलीत आडवी झाली होती. शर्टाची घडी घेता घेता तो आवाज खाली आणून म्हणाला, बाईंना जपायला सांगा, नऊ म्हणजे कमीच. दवाखान्याने गोळ्या कमी केल्या असतील ना?

“नऊ नाही हो,” धाकटी म्हणाली, “अकरा. मीच तर सांगितले फोनवर, ताईंनी म्हटलं...”

पडद्यामागून आलेला तो आवाज तिला जसाच्या तसा ऐकू आला, शेवटच्या दोन शब्दांसकट. तपासणीवाला काहीतरी विचारत होता. तिने त्याचे सुटे परत दिले, वर हसूनही दाखवलं, आणि तो गेल्यावर स्टुलावर बसून राहिली.

मग तिने इस्त्री बंद केली, दाराला कडी लावली आणि मागच्या खोलीत गेली. थोरली उठून बसली होती आणि सुईत दोरा ओवत होती. म्हणजे ओवायचा प्रयत्न करत होती.

“ताई, त्या दिवशी तुम्ही ‘बरं का’ म्हणालात.”

“म्हणाले असेन.”

“असेन नाही. म्हणालात. मुद्दाम म्हणालात.”

थोरलीने सुई खाली ठेवली. खोटं बोलायची तिला सवय नव्हती, आणि आता तेवढं त्राणही नव्हतं. “मुद्दाम म्हणाले,” ती म्हणाली. “पण मी नऊच सांगितले. मी खोटं कुठे बोलले?”

“खोटं मी बोलले. तुम्ही माझ्याकडून वदवून घेतलंत.”

धाकटीचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर थोरलीने तिला सहज गप्प केलं असतं, त्यात तिचा हात कुणी धरू शकलं नसतं. पण हा खालच्या पट्टीतला राग तिला नवीन होता. ती खिडकीकडे बघत राहिली. मग बोलली ते अडखळत, मध्ये मध्ये श्वास घेत.

“बंद करतील गं ते. इतकं सोसलं, आता कडेला आले, आणि बंद करतील. मग परत तेच. सुई लागली की तुला लांब हो म्हणायचं. तुला काय वाटतं, मला ते म्हणायला बरं वाटतं? तुझं तोंड कसं होतं ते मला दिसत नाही? मेले तर मेले मी, पण मरेपर्यंत तुला हाकलत बसायचं नाही मला.”

धाकटीला रडू आलं, आणि ते तिने लपवलं नाही. इतके दिवस आपल्याला वाटत होतं की त्या ‘लांब हो’चा त्रास एकट्या आपल्यालाच होतो. तिला थोरलीची कीव आली, स्वतःची लाज वाटली, आणि या सगळ्याच्या तळाशी राग होता तसाच होता. ती उठली आणि फोन घेऊन आली. नको लावूस, असं थोरली म्हणाली. एकदा हुकमाने म्हणाली, एकदा विनवून. धाकटीने लावला.

आपण चुकीचं सांगितलं, अकरा नव्हते, नऊ होते, आणि आता जिनाही चढवत नाही, असं तिने एका दमात सांगून टाकलं. चूक कशी झाली ते सिस्टरांनी विचारलं नाही, आणि तिनेही सांगितलं नाही. उद्या सकाळीच घेऊन या, असा निरोप मिळाला. त्या संध्याकाळी जावा एकमेकींशी बोलल्या नाहीत. जेवणं मात्र दोघींनी एकाच टेबलावर केली, आणि भाऊजी मध्ये बसून हवेबद्दल बोलत राहिले.

सकाळी दवाखान्यात रक्त घेतलं आणि तासाभरात आकडा आला. आठ पूर्णांक सात. डॉक्टरीणबाईंनी कागद टेबलावर ठेवला आणि चष्मा काढला.

त्या रागावल्या नाहीत, पण आडपडदाही ठेवला नाही. हे असंच आणखी आठवडाभर चाललं असतं तर आकडा साडेआठच्या खाली गेला असता आणि गोळ्या खरोखरच बंद कराव्या लागल्या असत्या. ज्याला घाबरून थोरलीने आकडा लपवला, तेच तिने स्वतःच्या हाताने ओढवून घ्यायचंच बाकी ठेवलं होतं. मग त्यांनी भाऊजींच्या टॉनिकचीही चौकशी केली आणि ते थांबवायला सांगितलं. रक्ताला लागणारं सामान शरीरात पुरेसं आहे. इंजेक्शनामुळे नव्या पेशी जरा सावकाश बनतात हे खरं, पण मुख्य घोटाळा तो नाही. बनलेल्या पेशी गोळ्या फोडून टाकतायत. वरून लोह ओतलं तर ते यकृतात जाऊन साठेल, आणि तुमच्या यकृताला आधीच काय कमी कामं आहेत?

“म्हणजे कापड कमी नाही पडलेलं,” थोरली हळूच म्हणाली, “शिवणच उसवत चाललीय.”

अगदी तसंच, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. गोळ्या त्यांनी निम्म्यावर आणल्या, इंजेक्शन तसंच ठेवलं, आणि आता दर आठवड्याला रक्त तपासायला सांगितलं. हळूहळू आकडा वर येईल, औषध पूर्ण संपलं की पहिल्यासारखा होईल. थोरलीचा चेहरा पाहून त्यांनी कागदावरचं पेन उचललं आणि तिच्याकडे वळून बसल्या.

“बाई, कमी करणं म्हणजे बंद करणं नव्हे. बंद करावं लागू नये म्हणूनच कमी करतात.”

विषाणू जाईल ना मग, असं थोरलीने विचारलं. बराच काळ पूर्ण औषध घेतलंय, मध्ये तो सापडलेलाही नाही, म्हणजे आशा चांगली आहे, असं उत्तर मिळालं. खात्री द्याल का? खात्री मी कुणालाच देत नाही, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. विषाणूच्या तपासणीसाठी पुन्हा थोडं रक्त घ्यायला लावून त्यांनी दोघींना बाहेर बसवलं.

बाहेरच्या लांब बाकावर दोघी बसल्या. थोरलीच्या कोपरात कापूस होता आणि हात दुमडलेला. समोरून चाकांच्या खुर्च्या जात-येत होत्या, कुणीतरी फरशी पुसत होतं. निम्म्या गोळ्या म्हणजे बरं होणंही निम्मंच की काय, असं थोरली स्वतःशीच पुटपुटली. धाकटीला वाटलं, आता हिला डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते पहिल्यापासून सांगावं. पण सांगून काय होणार होतं? ऐकायचं ते तिने ऐकलं होतं. उरलं होतं ते औषधाबद्दलचं नव्हतं.

थोरलीने दमून हात सैल सोडला, तसा कापूस सरकला आणि त्यावर लाल डाग पसरू लागला.

“लांब हो,” ती म्हणाली.

धाकटीने सिस्टरांनी दिलेला दुसरा कापूस घेतला, चांगला जाड घडी केला, पहिल्यावर ठेवला, आणि त्यावर आपला तळहात टेकला. थोरलीने हात ओढून घ्यायला बघितलं, पण ओढायला जोर कुठून आणणार?

“ताई, तुम्ही बऱ्या व्हाल की नाही मला माहीत नाही,” धाकटी म्हणाली. “पण तोवर मी लांब नाही होणार. नंतरही नाही. मला तुम्ही बऱ्या झालेल्याच हव्यात असं मी कधी म्हटलं होतं का? मला तुम्ही लागता. आहात तशा लागता.”

थोरलीची छाती भरभर वर-खाली होत होती. तिने डोळे मिटले आणि डोकं मागे भिंतीला टेकवलं. मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं ते तिने पुसलं नाही, कारण एक हात अडकलेला होता आणि दुसरा उचलायचं तिच्या मनात नव्हतं.

मग ती बोलली. आवाज क्षीण होता, पण सूर दुकानातलाच.

“नुसता हात काय ठेवतेस? दाबून धर.”